वीरगळावर नसलेला वीर

बेगम बाजारातील ज्या गल्लीत माझी शाळा आहे, तेथे दिवसभर भांड्यांचा आणि हातगाड्यांचा आवाज चालू असतो. शाळेत येणारी बहुतेक मुले नांदेड, देगलूर, उदगीर, बीदर या बाजूंहून पोटापाण्यासाठी हैदराबादेस आलेल्या कुटुंबांतील आहेत. घरी मराठी, बाजारात दखनी आणि रस्त्यावर तेलुगू अशा तीन भाषांत त्यांचा दिवस जातो. गतवर्षी सहामाही परीक्षेत नववीच्या मुलांना मी ‘माझा आवडता वीरपुरुष’ हा निबंध घातला होता. अपेक्षेप्रमाणे शिवछत्रपती, तानाजी, बाजीप्रभू यांवर निबंध आले. एका मुलाने मात्र आपल्या आजोबांवर लिहिले. हे आजोबा देगलूर तालुक्यातील एका खेड्यात राहतात. १९७१ च्या युद्धात सुरुंगावर पाय पडून त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. युद्धाविषयी मुलाने एवढे एकच वाक्य लिहिले होते. बाकी साऱ्या निबंधात युद्धानंतरच्या गोष्टी होत्या. आजोबांना मांडी घालून बसता येत नाही, म्हणून ते पंगतीला जात नाहीत. त्यांचे ताट घरी येते. देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून ते खालूनच हात जोडतात. वखरामागे चालता येत नाही, म्हणून शेत बटाईने दिले आहे. रात्री ते बसवलेला पाय काढून कोनाड्याखाली उभा करून ठेवतात आणि धाकटी भावंडे त्याला भितात. आणि दर नोव्हेंबरात ते तालुक्याच्या गावी जाऊन आपल्या हयातीचा दाखला देऊन येतात. मी त्या निबंधास दहापैकी तीन गुण दिले आणि खाली शेरा लिहिला : ‘विषयास सोडून.’

दिवाळीच्या सुटीनंतर एके दिवशी जिन्यावर काठीचा आवाज ऐकू आला. माझी खोली पहिल्या मजल्यावर आहे. तो आवाज वर पोहोचावयास बराच वेळ लागला. दारात ते आजोबा उभे होते. पायाच्या दुरुस्तीसाठी ते मुलाकडे हैदराबादेस आले होते. मी त्यांना खुर्ची दिली आणि, आपण सारेच अशा वेळी विचारतो तसे, लढाईविषयी विचारले. त्यांनी ते बोलणे बाजूला सारले आणि म्हणाले, “गुरुजी, पोराचं कुठं चुकलं तेवढं सांगा. म्हंजे पुढच्या खेपेला नीट लिहील.”

मला उत्तर देता आले नाही. पुढे कित्येक दिवस विचार केल्यावर ध्यानात आले की, चूक मुलाची नव्हती आणि केवळ माझीही नव्हती. ज्या वाङ्मयावर माझी अभिरुची पोसली, त्या वाङ्मयाने ‘वीर’ या शब्दाची जी व्याख्या मला शिकवली होती, तिच्यात त्या निबंधाला जागाच नव्हती. घरी परतलेला, जखम घेऊन पुढे पन्नास वर्षे गावात जगणारा सैनिक आपल्या साहित्यात कोठे आहे, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारावयाचा आहे.

आपल्या परंपरेत वीराचे सर्वांत जुने चरित्र दगडात कोरलेले आहे. ‘वीरगळ’ हा शब्दच आपल्या सीमाभागातील भाषांच्या शेजाराची साक्ष देतो. वीर आणि कन्नडातील ‘कल्लु’ म्हणजे दगड, मिळून वीराचा दगड. महाराष्ट्रात, कर्नाटकात आणि तेलंगणातही गावकुसाजवळ, देवळाच्या आवारात असे दगड आढळतात. बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवर तर नौकायुद्ध कोरलेले आहे. त्यांची मांडणी बहुधा ठरलेली असते. खालच्या पट्टात लढाई, कधी सोडवून आणलेल्या गाई, कधी भूमीवर पडलेला वीर. त्यावरील पट्टात अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेत आहेत. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करीत आहे. आणि माथ्यावर, कीर्ती चिरकाल टिको म्हणून, चंद्रसूर्य. वाचक हा दगड खालून वर वाचतो. रणांगणातून निघालेली वाट थेट स्वर्गात पोहोचते. रणांगणातून गावाकडे येणारी वाट या दगडावर नाही. जो पडला त्याचा दगड झाला. जो लंगडत घरी आला त्याचा झाला नाही.

ही गोष्ट शिल्पाच्या सोयीची होती, असे म्हणता येईल. दगड स्मारकाचा आहे आणि स्मारक मृताचेच असावयाचे. परंतु पुढे शब्दांचे वाङ्मय आले, तेव्हाही आपण ही मांडणी टाकून दिली नाही. आपले बहुतेक वीरसाहित्य हे शब्दांत कोरलेले वीरगळ आहेत, असे माझे नम्र मत आहे.

पोवाड्याचेच उदाहरण घ्यावे. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा आणि तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा ही आपल्या वीरकाव्याची दोन ठळक रूपे होत. पोवाडा सभेपुढे गावयाचा असतो. डफाची थाप चढत जावयाची असते, श्रोत्याच्या अंगावर काटा उभा राहावयाचा असतो, आणि शेवटी यश किंवा कीर्ती पदरात पडून सभा उठावयाची असते. अशा रचनेत तानाजीला मरण शोभते. त्याच रात्री गड चढून गेलेल्यांपैकी जे हात वा पाय गमावून खाली उतरले असतील, ते आपापल्या खोऱ्यात जाऊन कसे जगले, त्यांची भातखाचरे कोणी लावली, हे पोवाडा सांगत नाही. त्याला ते सांगताही येणार नाही, कारण त्या कथेला चढती थाप नाही. दोष शाहिराचा नव्हे. आपण त्या एकाच रचनेला वीराची संपूर्ण कथा समजलो, हा दोष आपला आहे.

गंमत अशी की, त्याच काळच्या गद्याला जखमी माणूस ठाऊक होता. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस आपली बखर लिहिली. १६५९ च्या प्रतापगडच्या प्रसंगानंतर महाराजांनी काय केले, हे सांगताना तो वर्णनाचा फुलोरा आवरून एकदम हिशेबाच्या भाषेत बोलू लागतो. जे मेले त्यांच्या मुलांना चाकरीत चालवले. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निमे वेतन करून दिले. आणि जे जखमी झाले त्यांना जखमेचे मान पाहून होन दिले. सेवेत कामी आलेल्यांच्या मुलांच्या निर्वाहासाठी ‘बालपरवेशी’ हा शब्द मराठी दप्तरात रूढ होता, हे जाणकारांस सांगावयास नको. ‘जखम पाहून’ या कल्पनेत केवढे शहाणपण आहे! सारे जखमी एकसारखे नाहीत, कोणाची जखम महिन्यात भरेल आणि कोणाची जन्मभर सोबत करील, हे कारकुनाला कळत होते, कारण त्याला पैसे मोजून द्यावयाचे होते. ज्याला हिशेब चुकवता येत नाही, त्याला माणूसही चुकवता येत नाही. कवीने जे सोडून दिले ते दप्तराने सांभाळले, हा आपल्या वाङ्मयेतिहासातील एक विचार करावयास लावणारा भाग आहे.

यानंतर पानिपत. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवसाने मराठी मनावर जेवढे ओरखडे काढले, तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणत्या घटनेने काढले असतील. त्या रणातून परतलेल्या एका जखमी पुरुषाचे नाव आपणा सर्वांस ठाऊक आहे : महादजी शिंदे. पाठलागात त्यांचा पाय जायबंदी झाला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना बैलावर घालून सुखरूप आणले. महादजी जन्मभर लंगडत राहिले आणि त्या भिस्त्याला त्यांनी भाऊ मानले. पुढे दिल्लीच्या राजकारणाची सूत्रे हाती असतानाही हा पुरुष स्वतःला पाटील म्हणवून घेत असे. जखमी वीराचे याहून मोठे चरित्र कोणते असावयाचे? तथापि आपल्या कथनात महादजींचा पाय पानिपतच्या रात्री दुखतो आणि त्यानंतर दुखेनासा होतो. पुढील ३३ वर्षे, १७९४ साली वानवडीस देह ठेवीपर्यंत, त्या पायाने काय सोसले याची आठवण कथाकारास राहत नाही. जखम ही थोरवीच्या प्रारंभीची एक आख्यायिका होऊन बसते.

आणि जो सामान्य होता त्याचे काय? पानिपताहून परतलेल्या माणसाची जी कथा मराठी लोकांत सर्वाधिक गाजली, ती तोतयाची आहे. सदाशिवरावभाऊ म्हणवून घेणारा एक मनुष्य उभा राहिला, त्याच्यामागे लोक जमले, बंड झाले आणि १७७६ साली त्याला देहदंड देण्यात आला. नरसिंह चिंतामण केळकर यांनी १९१३ साली ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहून तो विषय रंगभूमीवर आणला. येथे जरा थांबून विचार करावा. परत येणारा सैनिक आपल्या कल्पनेत ठळकपणे आला, तो खोटा म्हणून! जो गेला त्याने परत न येणेच योग्य, परत आलाच तर तो खरा कशावरून, अशी एक अढी त्या कथेच्या मुळाशी मला दिसते. राज्याच्या दृष्टीने त्या मनुष्याची पारख करणे अवश्यच होते. परंतु वाङ्मयाने खऱ्या परतलेल्यांची एकही कथा त्या तोतयाच्या शेजारी ठेवली नाही, ही गोष्ट उरतेच.

फ्रेंच कादंबरीकार बाल्झाक याने १८३२ साली नेमका हाच विषय उलट बाजूने हाताळला. त्याचा कर्नल शाबेर १८०७ च्या आयलाऊच्या लढाईत डोक्यास जखम होऊन पडतो आणि मेला असे समजून प्रेतांच्या खड्ड्यात टाकला जातो. तेथून तो निघतो, वर्षानुवर्षे भटकत पॅरिसला येतो. तेव्हा त्याच्या पत्नीचा दुसरा विवाह झालेला असतो, मालमत्ता वाटली गेलेली असते आणि सरकारी कागदांत तो मृत असतो. तो खरा आहे. पण खरा असल्याचे सिद्ध करणे त्याला तोतयापेक्षाही कठीण जाते. शेवटी तो नावच टाकून देतो आणि अनाथालयात एका क्रमांकाने ओळखला जातो. आपल्या नाटकाचा प्रश्न ‘हा खरा की खोटा?’ असा आहे. बाल्झाकचा प्रश्न ‘खरा असून जगाला तो नकोसा का?’ असा आहे. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे आणि तो आपण अद्याप पुरता विचारलेला नाही.

कोणी म्हणेल, न भरणारी जखम आपल्या परंपरेला ठाऊक नाही असे कसे? अश्वत्थामा आहे ना! खरे आहे. मस्तकावरचा मणी काढून घेतल्यावर वाहती जखम घेऊन भटकणारा द्रोणपुत्र आपल्या लोकमनात आजही जिवंत आहे. नंदुरबारकडे सातपुड्यात अस्तंबा डोंगरावर दिवाळीच्या सुमारास त्याची यात्रा भरते. जखमेवर घालावयास तो तेल मागत फिरतो, अशी श्रद्धा आहे. परंतु अश्वत्थाम्याची जखम ही शिक्षा आहे. झोपलेल्यांना मारल्याचे ते फळ आहे. म्हणजे आपल्या कल्पनेत जखमा दोनच प्रकारच्या : एक स्वर्गात नेणारी आणि दुसरी शापाची. पाप नाही, स्वर्गही नाही, केवळ कर्तव्य करताना झालेली आणि मग घरात राहावयास आलेली तिसरी जखम आपण मानली नाही. ग्रीकांनी निदान तिची दखल घेतली. सोफोक्लीसच्या फिलोक्टिटीस या नाटकात, जे इसवी सनापूर्वी ४०९ साली रंगभूमीवर आले, चिघळलेल्या पायाच्या दुर्गंधीमुळे सोबत्यांनी ओसाड बेटावर टाकून दिलेला योद्धा नायक आहे. त्याची जखम सर्पदंशाची आहे, शस्त्राची नव्हे. परंतु दहा वर्षांनी त्याच्या धनुष्यावाचून युद्ध जिंकता येत नाही असे कळते, तेव्हा ज्यांनी टाकले त्यांनाच त्याच्या दारी यावे लागते. गरज धनुष्याची आहे, माणसाची नाही, हे त्या नाटकाचे शल्य आहे.

या उणिवेचे शास्त्रीय कारण शोधावयाचे तर ते आपल्या रसव्यवस्थेत सापडेल असे मला वाटते. वीररसाचा स्थायीभाव उत्साह, करुणरसाचा शोक. युद्धातून परतलेल्या जायबंदी सैनिकाच्या रोजच्या जगण्यात उत्साह नाही, कारण पराक्रमाचा क्षण मागे पडला आहे. आणि शोकही नाही, कारण तो रडत बसलेला नाही. त्याच्यापाशी आहे ती धृती. सकाळी उठून पाय बांधणे, पंगत टाळणे, पायऱ्यांखालून हात जोडणे आणि तरीही घरात उभे राहणे, हे धृतीचे काम आहे. पण शास्त्रकारांनी धृतीची गणना व्यभिचारी भावांत केली. ती येते आणि जाते, कोणत्या तरी स्थायीभावास पोसून निघून जाते. ज्या माणसाच्या ठायी धृती हीच पन्नास वर्षे टिकून राहते, त्याच्यासाठी आपल्या पोथीत स्वतंत्र घर नाही. परिणामी लेखक अशा पात्राला एक तर वीराच्या घरात ढकलतो आणि त्याच्या तोंडी जुन्या लढाईच्या गोष्टी घालतो, किंवा करुणाच्या घरात ढकलतो आणि त्याला दयेचा विषय करतो. आपल्या ग्रामीण कथेतील मिशाळ, बढाईखोर ‘लष्करी पेन्शनर’ हा पहिल्या प्रकारातला. चित्रपटातील कुबड्या घेतलेला अगतिक बाप दुसऱ्या प्रकारातला. दोघेही ओळखीचे आहेत आणि दोघांमागेही खरा माणूस झाकला गेला आहे.

विसाव्या शतकात दोन महायुद्धांनी आणि स्वातंत्र्योत्तर युद्धांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून हजारो तरुण नेले. साताऱ्याजवळ ‘अपशिंगे मिलिटरी’ हे गाव या परंपरेमुळेच तसे ओळखले जाते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अनेक गावांत दगडी पाट्या बसवल्या. त्या पाट्यांवर सामान्यतः दोनच संख्या असतात : या गावातून इतके गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. तिसरी संख्या, म्हणजे इतके जायबंदी होऊन परतले ही, तेथे नसते. वीरगळाचीच रीत इंग्रजी पाटीने चालवली. वस्तुतः ती तिसरी संख्या सरकारला ठाऊक होती. अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देण्यासाठी १९१७ साली मुंबईत संस्था निघाली आणि पुढे ती खडकीस आली. पाठीच्या कण्यास इजा झालेल्या जवानांसाठी खडकीतच १९७४ साली पुनर्वसन केंद्र उभे राहिले. पुन्हा तेच : दप्तराला जखमी माणूस दिसतो, स्मारकाला दिसत नाही. शेजारच्या हिंदीत चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही १९१५ ची कथा महायुद्धावरील अत्यंत सुंदर कथा होय. तिचा लहनासिंग आपली जखम लपवून दुसऱ्याला गाडीत बसवून पाठवतो. पण तोही मरतो. तो पंजाबातल्या आपल्या घरी परतला असता तर गुलेरींनी काय लिहिले असते, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

अलीकडच्या काळात एका मराठी जखमी सैनिकाची कथा सर्व देशापुढे आली. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. जन्म १९४४ चा. सैन्याच्या इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल विभागात ते होते, मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे अंग निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर मुक्तशैलीत ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. अशा स्पर्धांतील भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्ण. त्यानंतर पद्मश्री मिळावयास २०१८ साल उजाडावे लागले आणि अर्जुन पुरस्काराचा जीवनगौरव जानेवारी २०२५ मध्ये मिळाला. त्यांच्या जीवनावर ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट २०२४ साली निघाला.

हा चित्रपट मी आमच्या शाळेच्या मुलांसह पाहिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पेटकरांच्या पराक्रमापुढे कोणाचीही मान लवेल. तथापि समीक्षकाने टाळ्यांनंतर रचनेकडे पाहावयाचे असते. खाली गोळ्यांचा पट्ट, मध्ये पाण्याचा पट्ट, वर पदकाचा पट्ट अशी ही मांडणी आहे, आणि ती वीरगळाची आहे. जखम हा अडथळा आहे. तो ओलांडावयाचा, आणि ओलांडला की कथा संपली. यात जखमेबरोबर राहणे नाही, जखमेवर मात करणे आहे. ज्याने मात केली त्याला दगड मिळाला. ज्याच्या गावात पोहण्याचा तलाव नव्हता त्याने काय करावयाचे?

परंतु त्याच चित्रपटात एक भाग असा आहे की, जो मला साऱ्या शर्यतींहून मोलाचा वाटला. कथेची चौकट अशी की, वृद्ध झालेला नायक पोलीस ठाण्यात येतो आणि आपल्याला पुरस्कार दिला नाही म्हणून थेट राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदवू पाहतो. ठाण्यातील लोक प्रथम हसतात. प्रसंग विनोदाच्या अंगाने रंगवला आहे. पण मला तेथे पॅरिसच्या वकिलाच्या कचेरीत उभा असलेला शाबेर दिसला, आणि दर नोव्हेंबरात तालुक्याला जाणारे माझ्या विद्यार्थ्याचे आजोबाही दिसले. तिघेही एकच गोष्ट मागतात : मी आहे, याची नोंद करा. १९७२ आणि २०१८ यांच्यामध्ये जी ४६ वर्षे आहेत, ती या कथेचा खरा ऐवज होय. चित्रपटाने त्यांच्याकडे बोट दाखवले आणि तो पुन्हा तलावाकडे वळला. आणि एका मराठी खेड्यातील सैनिकाची ही कथा एवढ्या विस्ताराने आपल्यापुढे आली ती हिंदी चित्रपटातून, याचाही आपण विचार करावा.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, साहित्याने कोणत्या विषयावर लिहावे हे सांगणारे आपण कोण? लेखक स्वतंत्र आहे. हे मला मान्य आहे. मी लेखकास विषय नेमून देत नाही. मी वाचकास, आणि विशेषतः परीक्षकास, त्याच्या मोजमापाविषयी विचारीत आहे. असा विषय कोणी लिहून आणला तर आपण त्यावर ‘विषयास सोडून’ असा शेरा मारणार की नाही? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असे लेखन रडगाणे होईल, सैन्याविषयी मुलांच्या मनात भीती उत्पन्न करील, असे काहींना वाटेल. माझा अनुभव उलट आहे. त्या मुलाच्या निबंधात तक्रारीचा एक शब्द नव्हता. त्यात अभिमानही होता, पण तो ‘माझे आजोबा शूर आहेत’ या वाक्यात नव्हता. आजोबांचा पाय रात्री पडू नये म्हणून तो नीट टेकून ठेवण्याचे काम आपल्याकडे आहे, या वाक्यात होता. वीरपूजेची याहून खरी रीत मला ठाऊक नाही. खोट्या वर्णनाने मुलांना सैनिक कळत नाही. कळते ती केवळ वेशभूषा. स्वातंत्र्यदिनी कमरेला तलवार लावून व्यासपीठावर उभे राहणारे मूल, गावी गेल्यावर जिन्याशी अडलेल्या माणसाला हात देत नसेल, तर आपण त्याला वीररस शिकवला असे म्हणता येणार नाही.

मग असे लेखन कसे असावे? याचे उत्तर मी त्या निबंधातूनच शिकलो. पंगतीत मांडी घालता न येणे ही लहान गोष्ट आहे. पण खेड्यात पंगत म्हणजे समाज. जो पंगतीत नाही तो हळूहळू लग्नाच्या बैठकीत नाही, भजनात नाही, आणि मग गावाच्या बोलण्यातही नाही. ज्यांनी त्याला सन्मानाने फेटा बांधला, त्यांनीच पंगतीच्या टोकाला एक बाक ठेवावयाचा राहून गेला. यात कोणी दुष्ट नाही. गावाचे सारे जगणे जमिनीवर बसून, वाकून, चढून चालते, आणि त्या जगण्यात एक न वाकणारा गुडघा आला, एवढेच घडले आहे. कादंबरीकारास याहून अधिक काय हवे? शौर्याची विशेषणे येथे लागत नाहीत. लागते ती सभासदाची नजर, ‘जखम पाहून’ मोजणारी. दप्तराची अचूकता आणि घरातल्या माणसाची माया या दोहोंचा संयोग होईल, तेव्हा हा विषय मराठीत उभा राहील.

अकादमीच्या सदस्यांपुढे शेवटी एक साधी विनंती ठेवतो. आपल्यापैकी पुष्कळजण सीमेवरच्या गावांतून शिकवतात. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतून परतलेले सैनिक आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे जावे, आणि लढाईविषयी विचारण्यापूर्वी घराविषयी विचारावे. त्यांच्या बोलीत, त्यांच्या शब्दांत लिहून घ्यावे. त्यातून कलाकृती निर्माण होईलच असे नाही. पण उद्याच्या कलावंताला ज्या ऐवजाची गरज पडेल, तो नष्ट होणार नाही.

राहता राहिला आजोबांचा प्रश्न. सहामाहीचे गुण तेव्हाच नोंदवहीत चढले होते, ते बदलता आले नाहीत. मी तो निबंध मुलाकडून मागून घेतला, माझा शेरा खोडला आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. पुढच्या खेपेस आजोबा हैदराबादेस आले तेव्हा मी त्यांना भेटावयास स्वतः खाली, रस्त्यावर गेलो. त्यांना म्हणालो, “काका, पोराचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती.” त्यांनी मान हलवली आणि विचारले, “मग आता किती मार्क पडतील?” यंदा मी नववीला तोच निबंध पुन्हा घातला आहे. यावेळी तपासण्यापूर्वी मी फळ्यावर विषयाखाली एक ओळ लिहिली : वीर जिवंत असला तरी चालेल.